धूर सोडा, पण दाब मोजून

मागच्या अंकात एका उत्तरात मी ओझरतं लिहिलं होतं की इंजिनच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या मार्गात, बाहेरची हवा कुठून शिरते हे शोधायला आम्ही गॅरेजमध्ये थोडा धूर सोडतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली. हिंगणा रोडवरच्या माझ्या गॅरेजात 'गाडी स्लोवर (म्हणजे रेस न देता) टिकत नाही' ही तक्रार नेहमीची, आणि तिच्यामागे बरेचदा बोटभर लांबीची एखादी रबरी नळी असते. ती न शोधता लोकांना प्लग, कॉइल, सेन्सर बदलायला लावतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून घरी धूर-टेस्टर करू पाहणाऱ्या सगळ्यांना माझा पाठिंबा आहे. फक्त एक सांगतो. जवळजवळ प्रत्येक पत्रात धूर कसा तयार करायचा हे विचारलंय. तो किती दाबाने सोडायचा, हे कुणीच विचारलेलं नाही. गाडीचं आणि माणसाचं नुकसान होतं ते तिथे. तेव्हा उत्तरांमध्ये दाबाचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक आठ वर्षांची आहे. अजनी चौकात सिग्नलला थांबले की आरपीएम आपोआप बाराशेवर जातो, मग एकदम खाली येतो आणि गाडी थरथरते. चेक इंजिनचा दिवा लागून राहिला आहे. एका गॅरेजने प्लग बदलले, दुसऱ्याने इग्निशन कॉइल बदलली. दिवा तसाच. स्कॅनरवर पी०१७१ असा कोड येतो. आता तिसरे म्हणतात हवेची गळती आहे. इंजिनला हवा लागतेच ना? मग जास्तीची थोडी गेली तर एवढं काय बिघडतं?
— एक शिक्षिका, मनीषनगर

उत्तर : ताई, इंजिनला हवा लागते, पण ती मोजलेली लागते. पेट्रोल इंजिन स्लोवर चालतं तेव्हा थ्रॉटल (हवेची झडप) जवळपास बंद असतो आणि पिस्टन आतली हवा ओढत राहतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतच्या मार्गातला) दाब बाहेरच्यापेक्षा खूप उतरतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्याकडे बाहेर हवेचा दाब ९७ किलोपास्कलच्या आसपास. चांगल्या स्थितीतल्या गरम इंजिनात, एसी बंद असताना, मॅनिफोल्डमध्ये ३० ते ४०च असतो. एवढा फरक असताना एखाद्या नळीला चीर पडली की बाहेरची हवा तिथून जोरात आत घुसते.

पुढे काय होतं ते तुमच्या गाडीत कोणता सेन्सर आहे त्यावर ठरतं. एअर फिल्टरनंतरच्या पाइपात हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असेल, तर चिरेतून आलेली हवा त्याच्या पुढे आत येते, म्हणून ती मोजलीच जात नाही. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. इथे हवा जास्त होते, पेट्रोल कमी पडतं. एक्झॉस्टमधल्या (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपातल्या) ऑक्सिजन सेन्सरला ते कळतं, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत जातो आणि वाढवण्याची हद्द संपली की पी०१७१ नोंदवतो. तुमच्या कोडचा अर्थ तोच: मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. प्लग किंवा कॉइल खराब आहे असं तो म्हणत नाही.

आपल्याकडच्या पुष्कळ लहान गाड्यांत मात्र मॅनिफोल्डवरच दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे गळतीमुळे दाब वाढतो, कॉम्प्युटरला वाटतं इंजिनवर लोड आला, आणि तो त्या हिशेबाने पेट्रोल देतो. मग मिश्रण बरंचसं बरोबर राहतं, पण आरपीएम चढतो. अशा गाडीत पी०१७१ न येता पी०५०७, म्हणजे स्लो ठरल्यापेक्षा जास्त, असा कोड येऊ शकतो.

धूर सोडण्याआधी एक साधी तपासणी करून घ्या. फोनला ब्लूटूथने जोडला जाणारा स्वस्त स्कॅनर चालेल. गाडी पूर्ण गरम झाल्यावर 'शॉर्ट टर्म' आणि 'लाँग टर्म' फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते) हे दोन आकडे पाहा आणि त्यांची बेरीज करा. आधी स्लोवर, मग रेस देऊन २५०० आरपीएमवर. समजा स्लोवर बेरीज अधिक १८ आली आणि २५००ला अधिक ४ झाली, तर गळतीचा संशय पक्का धरा. रेस दिल्यावर थ्रॉटल उघडतो, मोजलेली हवा खूप वाढते आणि चिरेतल्या हवेचा वाटा त्यात नगण्य होतो. उलटं दिसलं, म्हणजे स्लोवर ठीक आणि लोडवर आकडा चढत गेला, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर पाहायचा. तिथे धुराचं काम नाही. जे कुणी तुमची गाडी पाहतील त्यांना हे दोन आकडे कागदावर लिहून मागा. त्याआधी आणखी एकही भाग बदलू देऊ नका.

प्रश्न : सर, मी आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तयार स्मोक मशीन परवडत नाही. व्हिडिओत कुणी रंगाच्या डब्यात निक्रोम तार लावून राहिले, कुणी काचेच्या बरणीत सोल्डरिंग गन. नेमकं कसं बनवावं? टायरमध्ये हवा भरायचा पंप माझ्याकडे आहे, तो चालेल का?
— एक विद्यार्थी, काटोल

उत्तर : बेटा, टायरचा पंप थेट लावू नकोस. तो ३०-३५ पीएसआय सहज देतो आणि आपल्याला हवा असतो अर्धा ते एक पीएसआय. इनटेकमधली हवा पीसीव्हीच्या (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये परत नेणाऱ्या नळीच्या) वाटेने क्रँककेसमध्येही, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भागातही, जाते. तिथले ऑइल सील आतून येणारा मोठा दाब सोसण्यासाठी केलेले नसतात. दोन-चार पीएसआयने क्रँकचा सील सरकला तर गिअरबॉक्स उतरवण्याचं काम निघतं. म्हणून मी माझ्याकडच्या पोरांना आधी दाब आटोक्यात ठेवण्याची सोय करायला लावतो, धुराचं नंतर.

ती सोय पाण्याने होते आणि जवळपास फुकट होते. हवेच्या नळीला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा तुकडा, जोड. टीच्या मोकळ्या तोंडाला पारदर्शक नळी लावून तिचं टोक पाण्याने भरलेल्या उंच पाइपात बरोबर ३५ सेंटिमीटर खोल बुडव. ३५ सेंटिमीटर पाणी म्हणजे अर्धा पीएसआय, ७० सेंटिमीटर म्हणजे एक. दाब त्यापुढे गेला की जास्तीची हवा बुडबुडे होऊन निघून जाते; ना स्प्रिंग, ना व्हॉल्व्ह, काही बिघडायलाच नाही. दुसरा फायदा म्हणजे हेच तुझं मीटर. गाडीला जोडल्यावर इनटेक भरला आणि बुडबुडे यायला लागले, तर आत दाब धरतोय, गळती असली तरी बारीक आहे. पाच मिनिटं झाली आणि एकही बुडबुडा नाही, तर हवा कुठून तरी मोकळी जातेय. हा टी धुराच्या भांड्याच्या आधी, स्वच्छ हवेच्या बाजूला बसव. आणि भांडं पाण्याच्या पाइपापेक्षा उंचावर ठेव.

हवेसाठी माशांच्या टाकीचा छोटा पंप घे. तो हळूहळू हवा देतो, आणि आपल्याला घाई नसावीच.

आता भांडं. काचेची बरणी नको: आत तापलेलं तेल, बाहेर गार हवा, ती तडकते. दाबून बसवलेल्या झाकणाचा रंगाचा डबाही मला पसंत नाही, झाकण उडतं. दोन इंची लोखंडी पाइपचा फूटभर तुकडा घे, दोन्ही टोकांना आटे पाडून कॅप. हिंगणा एमआयडीसीत असा तुकडा कुठलाही लेथवाला करून देईल. पाइप उभा ठेवायचा. तळापासून दीड इंचावर भोक पाडून, आटे मारून त्यात डिझेल गाडीचा ग्लो प्लग (इंजिन सुरू होताना तापणारा प्लग) बसव. प्लग जुन्या पद्धतीचा, ११ किंवा १२ व्होल्टचा माग. नव्या डिझेल गाड्यांचे कमी व्होल्टचे सिरॅमिक प्लग १२ व्होल्टवर लगेच जळतात. प्लगची बॉडी पाइपला टेकलेली असते, म्हणून निगेटिव्ह पाइपला आणि पॉझिटिव्ह फक्त प्लगच्या टोकाला. तारा आत नेण्याची भानगडच नाही. प्लग दहा-पंधरा अँपिअर खातो. तार जाड हवी, २० अँपिअरचा फ्यूज हवा, आणि दाबून धरलं तरच चालू राहणारं बटन रिलेवर हवं. बटन सोडलं की बंद. नुसता स्विच लावू नकोस, माणूस विसरतो. बॅटरी वेगळी घे आणि गाडीपासून लांब ठेव.

हवा येण्याचं निपल पाइपच्या मध्यावर, धूर जाण्याचं वरच्या कॅपमध्ये. धुराची नळी दीड-दोन मीटर लांब ठेव आणि निघाल्यावर आधी वर चढव. मग वाटेत गार झालेले तेलाचे थेंब परत भांड्यात पडतात, इंजिनात कोरडा धूर जातो.

तेल म्हणून मेडिकल स्टोअरमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन घाल, प्लगचं टोक जेमतेम पूर्ण बुडेल इतकंच. बेबी ऑइलही मुळात तेच, फक्त वास घातलेला. घरातलं सोयाबीनचं किंवा शेंगदाण्याचं तेल वापरू नकोस. तापून ते चिकट होतं आणि थ्रॉटलवर थर धरतं. डिझेल, रॉकेल, जळकं इंजिन ऑइल, यातलं काहीही नको. प्लग तेलाबाहेर उघडा पडून लाल झाला तर आतली तेलाची वाफ पेटू शकते, म्हणून दर वेळी सुरू करण्याआधी काडी घालून पातळी पाहायची. अर्धा मिनिट बटन, मिनिटभर थांबा, पुन्हा अर्धा मिनिट. एवढ्यात दाट पांढरा धूर येतो. सगळं सामान हजार-दीड हजारात बसायला हवं.

गाडीवर काम करताना इंजिन थंड, चावी काढलेली. हवेचा पाइप एअर फ्लो सेन्सरच्या पुढे सोडव, म्हणजे सेन्सरच्या तारेवर तेल बसणार नाही, आणि थ्रॉटलकडचं तोंड जाड रबरी हातमोजा ताणून क्लिपने बंद कर. ब्रेक बूस्टरची (इंजिनच्या ओढीवर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याची) नळी मॅनिफोल्डच्या बाजूने काढून त्या निपलवर धुराची नळी लाव. नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, म्हणून मॅनिफोल्डकडच्याच निपलवर. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बंद असतानाही किंचित फट ठेवतो, त्यातून धूर पलीकडच्या रबरी पाइपातही पोचतो. मग शेडमधला कूलर आणि पंखा बंद कर. हे मी मुद्दाम लिहितो, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर सुरूच असतो आणि त्याच्या वाऱ्यात बारीक धूर दिसतच नाही. टॉर्च समोरून धरू नकोस, आडवा धर. आडव्या उजेडात धुराची रेघ उठून दिसते.

पाहायच्या जागा: मॅनिफोल्ड आणि हेडमधलं पॅकिंग, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग, पीसीव्हीची नळी, आणि फिल्टरपासून येणाऱ्या रबरी पाइपाच्या घड्या. घड्या हाताने ताणून पाहा, चीर घडीच्या तळाशी लपलेली असते. डिपस्टिकच्या तोंडातून किंवा ऑइल फिलरच्या झाकणातून धूर आला तर तीही गळतीच, तिथली रिंग बदल. सायलेन्सरमधून थोडा आला तर घाबरू नकोस. एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे राहिलेले असतात. क्रँक पुली पान्याने नेहमीच्या दिशेला जराशी फिरव, थांबेल.

काम झालं की आधी गाडीकडची नळी काढ, मग पंप बंद कर. उलट केलंस तर भांडं गार होताना आतली हवा आकसते आणि नळीतून पाणी वर ओढलं जातं.

प्रश्न : एवढा खटाटोप कशाला? आमच्या ओळखीचा मेकॅनिक चालू इंजिनवर कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) मारतो, आरपीएम बदलला की गळती सापडली. मी स्वतः अगरबत्त्यांचा जुडगा पेटवून मॅनिफोल्डजवळ फिरवला, धूर कुठे ओढला जातो ते पाहायला. यात काय चूक?
— एक दुकानदार, महाल

उत्तर : तत्त्व दोन्हींचं बरोबर आहे, म्हणूनच दोन्ही धोक्याचे आहेत. कार्ब क्लीनर ज्वलनशील असतो. गरम मॅनिफोल्डवर किंवा करंट फेकणाऱ्या जुन्या प्लग वायरवर तो पडला की भडका व्हायला काही लागत नाही. अगरबत्तीत तर निखाराच आहे, आणि इंजेक्टरची रिंग गळत असेल तर तुम्ही तो निखारा नेमका पेट्रोलपाशी नेता. शिवाय बोनेटखाली रेडिएटरच्या पंख्याने तो धूर कुठेही उडतो. धूप किंवा सिगारेटचा धूर नळीने आत सोडणारेही आहेत. त्यात राख आणि डांबरासारखा चिकटा असतो, तो आत बसतो.

घाईत चालू इंजिनवरच पाहायचं असेल तर झाडांवर पाणी मारायची स्प्रे बाटली घ्या. संशय असलेल्या नळीवर पाण्याची बारीक फवार मारा. पाणी चिरेत ओढलं जातं, क्षणभर चीर बुजते आणि इंजिनचा आवाज बदलतो. कॉइल आणि वायरिंगवर मारू नका. मोठ्या गळतीला एवढं पुरतं.

प्रश्न : पेट्रोल गाडी आहे, २०१६चं मॉडेल. तुमच्यासारखंच कुणीतरी फ्युएल ट्रिम पाहायला सांगितलं. माझ्याकडे स्लोवर अधिक ८ आणि २५००वर अधिक ७ येतं. गाडी चालते छान. गळती धरायची का?
— एक निवृत्त अभियंता, धरमपेठ

उत्तर : नाही, आणि तुम्ही दोन्ही आकडे दिलेत म्हणून हे ठामपणे सांगता येतं. गळतीचा आकडा स्लोवर मोठा असतो आणि रेस दिल्यावर उतरतो. तुमचा जवळजवळ सारखाच राहिला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून अशा मिश्रणाला वजनाने १४.७ऐवजी साडेतेराच्या आसपास भाग हवा लागते. म्हणजेच तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. साध्या पेट्रोलच्या हिशेबाने जुळवलेल्या गाडीत कॉम्प्युटर ती भर ट्रिममध्ये घालतो, आणि ती सात-आठ टक्के असणं अगदी अपेक्षित आहे. ती प्रत्येक आरपीएमला सारखीच दिसते.

हे उत्तर मला सगळ्यांनीच वाचावंसं वाटतं. ई२० आल्यापासून अधिक ७, अधिक ८ पाहून मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलायला निघालेले लोक माझ्याकडे येतात. अशा गाडीला वाचन घेताना ही भर डोक्यात ठेवा: स्लोवर अधिक २२ आणि २५००वर अधिक ८ दिसलं तर त्यातले ८ इंधनाचे, उरलेल्या १४साठी गळती शोधा.

प्रश्न : माझ्या टॅक्सीला सीएनजी किट आहे. पेट्रोलवर स्लो बरोबर, सीएनजीवर टाकली की सिग्नलला बंद पडते. धूर मारून पाहू का?
— एक टॅक्सीचालक, वाडी

उत्तर : भाऊ, मॅनिफोल्डला गळती असती तर दोन्ही इंधनांवर त्रास दिला असता. फक्त सीएनजीवर बंद पडते म्हणजे आधी गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅसचे इंजेक्टर पाहायला हवेत. ते अधिकृत सीएनजी सेंटरमध्येच करून घ्या. सेटिंगही तिथेच निघेल.

एक मात्र खरं. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये गॅसचे नोझल मॅनिफोल्डला भोक पाडून बसवतात आणि काही वर्षांनी ते सैल होतात. तसा संशय असेल तर सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधला गॅस संपून गाडी बंद पडेपर्यंत किंवा आपोआप पेट्रोलवर जाईपर्यंत ती उघड्यावर चालवा आणि मग बोनेट उघडं ठेवून थंड होऊ द्या. धुराचं भांडं गाडीपासून दूर, नळी जितकी पुरेल तितकं. बंद शेडमध्ये हे करू नका.

प्रश्न : एका लेखात वाचलेल्या पद्धतीने धुराचं मशीन तयार केलं. इनटेकची गळती सापडली, नळी बदलली, गाडी छान झाली. आता टाकी फुल केली की पेट्रोलचा वास येतो. हेच मशीन टाकीच्या तोंडाला लावून पाहणार आहे. दाब अर्धा पीएसआयच ठेवीन.
— एक तरुण, त्रिमूर्तीनगर

उत्तर : लावू नका. दाब बरोबर ठेवलात तरीही नाही.

पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की पेटते. टाकीत द्रव पेट्रोलवरच्या जागेत एरवी वाफ इतकी दाट असते की ती पेटणाऱ्या मर्यादेच्या वर राहते. तुम्ही पंपाने बाहेरची हवा भरता तेव्हा ती पातळ करून नेमकी पेटणाऱ्या मर्यादेत आणता. आणि त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला तापलेला ग्लो प्लग आहे. टाकीची बाजू तपासायची व्यावसायिक मशीन हवेऐवजी नायट्रोजन वापरतात ती याचसाठी. हे काम तसं मशीन असलेल्या ठिकाणीच द्या.

तोपर्यंत दोन गोष्टी हाताने पाहता येतात. टाकीच्या झाकणाची रबरी रिंग कडक किंवा चपटी झाली असेल तर झाकण बदला. दुसरं, इंजिनजवळचा पर्ज व्हॉल्व्ह, जो टाकीतली वाफ धरणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमधून ती इंजिनात सोडतो: थंड इंजिन नुकतंच सुरू केलं असताना त्याची कॅनिस्टरकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. तिथे सतत ओढ लागत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. तोही हवेची गळतीच करतो, आणि बाहेर कुठेच धूर दाखवत नाही.

आणि पंपावर पहिल्या कटला नोझल बंद झालं की थांबा. वर ठासून भरलेलं पेट्रोल कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जातं, वासाचं मूळ पुष्कळदा ते असतं.

प्रश्न : स्लोवर ट्रिम अधिक २०, रेस दिल्यावर अधिक ६. सगळं गळतीसारखंच. ओळखीच्या गॅरेजमध्ये दोनदा धूर सोडला, कुठूनच आला नाही. आता काय?
— एक वाचक, उमरेड

उत्तर : पहिला प्रश्न, धूर किती वाजता सोडला? दुपारी गाडी चालवत नेऊन लगेच सोडला असेल तर तो धरू नका. प्लास्टिकचा मॅनिफोल्ड आणि त्याचं रबरी पॅकिंग गरम झाल्यावर फुगतं आणि फट मिटते. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे असतो तेव्हा सावलीत उभी गाडीही पुरेशी गार होत नाही. रात्रभर गॅरेजातच ठेवा आणि सकाळी, चावी न लावता, पहिलं काम हे करा.

तरी काही नाही आलं तर अशा जागा शोधायच्या जिथून धूर डोळ्यांपर्यंत पोचत नाही. ब्रेक बूस्टर त्यातला मोठा. धूर त्याच्या नळीच्या निपलवरून सोडला जातो, म्हणजे बूस्टर स्वतः तपासलाच जात नाही. गाडी स्लोवर ठेवून ती नळी पकडीने हलकेच दाबा, पकडीला कापड गुंडाळून. स्लो एकदम सुधारला तर बूस्टरचा पडदा फाटलाय. ब्रेक दाबताना पायापाशी फुसफुस ऐकू येते का तेही पाहा. मग पीसीव्हीचा पडदा: इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडायला जोर लागत असेल, आतून ओढ असेल, तर तो फाटलेला असू शकतो. आणि वर लिहिलेला पर्ज व्हॉल्व्ह आहेच.

एक जागा इनटेकमध्ये नसतेच. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर बाहेर पडणाऱ्या वायूच्या दोन धक्क्यांमध्ये दाब उतरतो तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचं सांगतो, आणि कॉम्प्युटर बिचारा इमानदारीने पेट्रोल वाढवत जातो. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक आवाज येऊन गरम झाल्यावर तो मिटत असेल, तर तिथेच पाहा. तेच धुराचं मशीन सायलेन्सरच्या तोंडाला, चिंध्या ठासून, लावता येतं. इंजिन थंड, अर्थात.

प्रश्न : डिझेल एसयूव्ही, टर्बो. पिकअप गेला, काळा धूर निघतो, रेस दिली की शिट्टी वाजते. हा टेस्टर चालेल का?
— एक शेतकरी, कळमेश्वर

उत्तर : चालेल, पण तुमची गळती उलट दिशेची आहे. टर्बोनंतरच्या पाइपात दाब असतो, हवा बाहेर निघून जाते, जळायला कमी पडते म्हणून काळा धूर. टर्बोच्या तोंडाशी बंद करून कमी दाबाने धूर सोडला तर इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपाची मोठी चीर दिसते. क्लिप सैल असेल आणि पाइप फक्त लोडवर सरकत असेल तर अर्ध्या पीएसआयला ते कळणार नाही. त्यासाठी मजबूत प्लग आणि रेग्युलेटर लावून जास्त दाबाची चाचणी गॅरेजमध्येच करावी लागते. तोवर पाइपांवर तेलाचा ओला डाग कुठे आहे ते हाताने चाचपा. गळती बहुतेक तिथेच असते.

प्रश्न : धुराने गळती सापडली. उंदरांनी बूस्टरच्या जाड नळीला कुरतडून भोक पाडलं होतं. पतीने इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळली, स्लो ठीक झाला. राहू द्यावी का? की हार्डवेअरमधली पारदर्शक नळी लावून द्यावी?
— एक गृहिणी, नंदनवन

उत्तर : दोन्ही नको, वहिनी. बोनेटखालच्या उष्णतेत टेपचा गोंद पातळ होतो आणि ती सरकते. पाण्याची पारदर्शक नळी तापून मऊ पडते, आणि आतल्या ओढीने तिची भिंत चिकटून बसते. बारीक नळ्यांच्या बाबतीत, आतून धाग्याचं अस्तर असलेली व्हॅक्यूमची रबरी नळी मीटरवर मिळते, ती त्याच मापाची घ्यावी. पण बूस्टरची नळी वेगळी. तिच्यात एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, म्हणून तुमच्या मॉडेलचीच पूर्ण नळी मागवा. ती निसटली तर ब्रेक दाबायला कितीतरी पट जोर लागतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. नळी येईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. बदलल्यावर इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पॅडल कडक होईल. पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा. पॅडल थोडं खाली गेलं तर नळी बरोबर बसली आहे.